वाचक विचारतात : आधी वय काढा, मग रडा

प्रश्न : नमस्कार सर, मला ऐतिहासिक प्रेमकथांचं जाम वेड आहे. परवा पाव्हण्यांना वेरूळ दाखवायला नेलं तर गाईडनं देवलदेवीची गोष्ट सांगितली, गुजरातच्या राजाची लेक, देवगिरीच्या राजपुत्राशी लग्न ठरलेलं, इथंच लेण्यांपाशी खिलजीच्या फौजेला सापडली, दिल्लीला नेली आणि मग शहजादा खिज्रखानाचं अन् तिचं प्रेम. आमची बायको तर डोळे पुसायली तिथंच. पोरगं म्हणतंय पप्पा सगळी फेकाफेकी आहे. खरं काय हो यातलं? आणि अशी पुस्तकं वाचावी का सोडून द्यावी?
– एक वाचक, कन्नड

उत्तर : सोडू बिडू नका, वाचा की. फक्त अशी कुठलीही गोष्ट हातात आली की एक काम करायचं, कागद घ्यायचा अन् त्यातल्या माणसांची त्या त्या वेळची वयं मांडायची. मी कायम हेच करतो आणि निम्मा गुंता तिथंच सुटतो.

आता देवलदेवी. ही गोष्ट पहिल्यांदा सविस्तर लिहिली अमीर खुस्रोनं, आणि तीही ऐकीव नाही बरं का, खुद्द खिज्रखानानंच त्याला हे काव्य लिहायला सांगितलं होतं. म्हणजे नवरदेवानंच आपली लव्हस्टोरी दरबारी कवीकडून लिहून घेतली, मग त्यात नवरदेव कसा दिसणार ते सांगायला नकोच. तर खुस्रोच्या हिशोबानं गुजरात पडलं, राणी म्हणजे देवलची आई पकडली गेली, तेव्हा देवल सहा महिन्यांची होती आणि दिल्लीला आणली तेव्हा आठ वर्षांची. खिज्रखान दहाचा. आठ वर्षांची पोर हो! आपल्याकडं दुसरी-तिसरीत असते एवढी. देवगिरीला रामदेवरायाच्या पोराशी लग्न लावायला नेत होते ती हीच, आणि वाटेत घोड्याला बाण लागून घोडा लंगडा झाला म्हणून शत्रूच्या हाती सापडली ती पण हीच. कादंबऱ्यांतली देवल मात्र बघा, सोळा-सतराची, कमरेला खंजीर, तोंडात लांबलचक संवाद.

वेरूळचं म्हणाल तर तो तपशील फिरिश्ता नावाच्या फारसी इतिहासकाराचा आहे. खिलजीचा सरदार अल्पखान, त्याचे तीनएकशे सैनिक लेणी बघायला गेले आणि तिथं अचानक देवलला घेऊन चाललेल्या मराठा तुकडीशी गाठ पडली असं तो लिहितो. पण फिरिश्ता लिहितोय विजापुरात बसून, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि घटना 1307 च्या आसपासची, म्हणजे मधे तीनशे वर्षं गेली. तुमच्या गाईडनं काही मनचं सांगितलं नाही, त्याला बिचाऱ्याला पिढ्यानपिढ्या हेच मिळालंय. काही इतिहासकारांना तर अख्खी प्रेमकथाच कविकल्पना वाटते, काही म्हणतात गाभा खरा आहे. मला स्वतःला पकडून नेल्याचा भाग पटतो, प्रेमाचा भाग नवरदेवाच्या तोंडचा आहे एवढं लक्षात ठेवून वाचतो.

आणि खरी चटका लावणारी गोष्ट तर पुढंच आहे. खुस्रोचं काव्य 1316 मधे पुरं झालं, साधारण 4200 ओळीजोड्या, गोड शेवट. त्याच वर्षी खिज्रखानाचा बाप सुलतान अलाउद्दीन मेला, त्याचा सेनापती मलिक काफूरनं खिज्रखानाचे ग्वाल्हेरच्या किल्ल्यात डोळे काढवले, पुढं सख्ख्या बापाच्या दुसऱ्या पोरानं, मुबारकशहानं, त्याला मारूनच टाकलं. मग खुस्रोला आणखी 319 ओळीजोड्या मागून जोडाव्या लागल्या. लग्नाचं गाणं लिहून झाल्यावर त्याच वहीत मर्तिक लिहायचं, काय वाटलं असेल त्या माणसाला. मी कादंबरीकार असतो तर देवल-खिज्रखान बाजूला ठेवून खुस्रोवरच लिहिलं असतं.

पोराला सांगा फेकाफेकी नाही, पण कोण सांगतंय ते बघ. गुजरातीत नंदशंकर मेहतांनी 1866 साली याच घराण्यावर ‘करण घेलो’ लिहिली (करण म्हणजे देवलचा बाप), ती त्या भाषेतली पहिली कादंबरी मानतात, म्हणजे या एका पोरीच्या घरावर किती दुकानं चालली बघा.

प्रश्न : बीबी का मकबरा पोरानं आईच्या प्रेमापोटी बांधला, हे तरी खरं ना? आमच्या शाळेत असंच शिकवलंय.
– एक वाचक, जालना

उत्तर : तुम्ही पण कागद घ्या. मकबरा जिचा ती औरंगजेबाची बायको दिलरसबानू औरंगाबादेत वारली ऑक्टोबर 1657 मधे, बाळंतपणानंतर महिनाभरात. ज्यानं मकबरा बांधला म्हणतात तो तिचा थोरला पोरगा आझमशहा जन्मला जून 1653 मधे. चार वर्षांचं लेकरू मकबरा बांधतं का? दारावर अताउल्ला हा वास्तुकार आणि हंसपतराय हा अभियंता अशी नावं कोरलेली आहेत, आणि अताउल्लाचा बाप म्हणजे ताजमहालवाला उस्ताद अहमद लाहोरी. हुकूम आणि पैसा औरंगजेबाचा असणार, पोराचं नाव नंतर चिकटलं, हे मला जास्त पटतं. मोगलांचं मराठीतून वाचायचं असेल तर सेतुमाधवराव पगडींपासून सुरुवात करा, आपल्या निलंग्याचा माणूस, फारसी कागदातून थेट मराठीत आणलंय. ‘मोगल दरबाराची बातमीपत्रे’ वाचायला कोरडी वाटतील, पण एकदा गोडी लागली की सुटत नाहीत.

प्रश्न : मॅडम-सर जे कोणी असाल ते, प्रेमाच्या पुस्तकात नेहमी राजा-राणीच का? माझे मिस्टर कारखान्यावर जातात, दिवाळीनंतर जे जातात ते उन्हाळ्यातच येतात. आमच्यासारख्यांवर कुणी लिहिलंच नाही का जुन्या काळी?
– एक ताई, धारूर

उत्तर : लिहिलंय ताई, आणि तुमच्याहून फार लांब नाही, पैठणच्या सातवाहनांच्या नावावर आहे ते. गाथासप्तशती, म्हणजे जुन्या प्राकृत भाषेतल्या छोट्या कवितांचा संग्रह. सातवाहनांच्या हाल राजानं कोटी गाथांमधून सातशे निवडल्या असं त्यातच म्हटलंय, कोटीचा आकडा सोडून द्या, राजाचा रुबाब तो, पण आतमधे राजा शोधून सापडत नाही. शेतकरी, पाटलाची सून, वाटसरू, सासू, दीर, गोदावरीचा काठ, पावसाळा तोंडावर आला तरी घरी न आलेला नवरा, हेच सगळं. एका गाथेत नवरा गेलाय आणि बाई ‘आज गेला, आज गेला’ म्हणत भिंतीवर रेघा ओढतेय दिवस मोजायला, तर पहिला अर्धा दिवस सरायच्या आतच सगळी भिंत रेघांनी भरली. एवढंच. रडारड नाही, उपदेश नाही. वय काढायची पण सोय नाही हो इथं, कारण तिचं नावच कुणी लिहिलं नाही.

मराठीत स. आ. जोगळेकरांचं पुस्तक बघा, तालुक्याला नसेल तर जिल्हा ग्रंथालयात विचारा, जाडजूड आहे, प्रस्तावनाच केवढी तरी. ती नंतर वाचली तरी चालेल, आधी मधलं कुठलंही पान उघडून चार-चार ओळी वाचत सुटा. काही गाथा जरा चावट आहेत, घरात मोठ्यानं वाचताना सासूबाई कुठंयत ते बघून घ्या.