बातमी चित्राची दे

प्रिय मित्रा,

तुझ्या जलरंगांच्या प्रदर्शनाची बातमी वर्तमानपत्राला द्यायची, त्यासाठीचे तुझे दोन्ही मसुदे वाचले. पहिल्यात तू समलिंगी आहेस हे पहिल्याच वाक्यात आहे आणि चित्रं थेट तिसऱ्या परिच्छेदात उगवतात. दुसऱ्यात ती गोष्ट कुठेच नाही आणि चित्रंही नाहीत; ‘मानवी नात्यांचे विविध पैलू’ असं काहीतरी आहे, जे कुणाच्याही प्रदर्शनाला चिकटवता येईल. यातला कुठला पाठवू, असं विचारतोस. एकही नको. अकरा जलरंगांपैकी एकाचंही वर्णन दोन्ही मसुद्यांत नाही, याचा मला राग आला आहे. बातमी चित्राची असते.

तू काय रंगवलं आहेस ते आता माझ्याकडून ऐक. नाशिकच्या सिडकोतल्या दोन खोल्यांत राहणारे दोन पुरुष. एक मटार सोलतोय. दुसरा अंबडच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलाय आणि भिंतीला टेकून तसाच झोपलाय. गॅलरीतल्या दोरीवर एकाच मापाचे दोन शर्ट. ओट्यावरच्या स्टीलच्या डब्याची चमक तू पांढरा रंग न लावता, नुसता कागद राखून आणली आहेस. हे नाशिकमध्ये सांगायलाच हवं, कारण या गावाला जलरंग कळतो. शिवाजी तुपे यांची निसर्गचित्रं पाहत इथल्या पिढ्या वाढल्या. घाटावर, वाड्यांसमोर, गल्लीच्या तोंडाशी उघड्यावर बसून रंगवायचं, हे इथलं वळण. तू तेच पाणी आणि तोच कागद घेऊन स्वयंपाकघरात शिरलास. बातमी ही आहे. ती पहिल्या वाक्यात दे.

आता मजकुराचं. एक पान, दीडशे ते दोनशे शब्द, युनिकोडमध्ये टाइप केलेले आणि मेलमध्येच चिकटवलेले. पीडीएफ किंवा निमंत्रणपत्रिकेचा फोटो पाठवलास तर उपसंपादकाला सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. संध्याकाळच्या घाईत ते कुणी करत नाही. पहिल्या परिच्छेदात चित्रं, ठिकाण, तारखा, वेळ. दुसऱ्यात दोन चित्रांचं वर्णन, डोळ्यांना दिसेल असं. तिसऱ्यात तुझं एक अवतरण. शेवटी उद्घाटन कोण करणार आणि प्रवेश विनामूल्य आहे का. जागा कमी पडली की बातमी खालून कापतात, म्हणून पाहुण्यांची यादी खालीच राहू दे. मथळाही तूच सुचव, सहा-सात शब्दांत: ‘दोघांच्या घराची अकरा जलरंगचित्रे’. नाही सुचवलास तर तो पहिल्या वाक्यातून उचलला जाईल. म्हणूनच तुझा पहिला मसुदा चालणार नाही. त्यातून एकच मथळा निघतो, आणि त्या मथळ्यात चित्र नाही.

मग समलिंगी असल्याचं सांगायचं की नाही? सांगायचं असेल तर तिसऱ्या परिच्छेदात, अवतरणचिन्हांत, एकदाच. अवतरणाला सहसा हात लावत नाहीत. निवेदनातलं वाक्य मात्र कुणीही आपल्या पद्धतीने फिरवतं. असं लिहिता येईल: ‘या चित्रांतले दोघे एकत्र राहतात. मीही समलिंगी आहे, त्यामुळे अशा घरातली दुपार कशी असते ते मला माहीत आहे.’ बस. यात चित्र आधी आहे आणि तू चित्राच्या आधाराने आला आहेस. ‘धाडसी’, ‘चौकट मोडणारा’, ‘कबुली’ हे शब्द तू लिहू नकोस आणि कुणी विचारले तर मान्य करू नकोस. कबुली गुन्ह्याची असते. प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असं सांगून ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो विषय संपवला आहे.

चित्रकार भूपेन खख्खर यांचं उदाहरण मी सगळ्यांना देतो, तुलाही देणार. १९३४ ते २००३. मुंबईत जन्म, काम बडोद्यात, व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. त्यांच्या १९८१ च्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’ या चित्रात एक नग्न माणूस गॅलरीत उभा राहून खाली बघतो आहे आणि खाली बाप, लेक आणि गाढवाची गोष्ट घडते आहे. गोष्ट आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. ते चित्र लंडनच्या टेट या कलासंग्रहालयात आहे आणि २०१६ साली तिथे त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, त्यालाही याच चित्राचं नाव दिलं होतं. त्या गॅलरीतल्या माणसाबद्दल बोलायला लागलं की खख्खर यांचं आयुष्य आपोआप बोलण्यात येतं. आयुष्यापासून सुरुवात केली तर लोक गॅलरीपर्यंत पोचतच नाहीत. मी एकच गोष्ट वारंवार सांगतो असं तुम्ही मुलं म्हणता. म्हणा. बातमी चित्राची असते.

यानंतरची गोष्ट मात्र मजकुराहून महत्त्वाची. चित्रातला दुसरा माणूस. सहाव्या चित्रात त्याचा चेहरा स्पष्ट ओळखू येतो, आणि तो अंबडला कामाला जातो, भाड्याच्या घरात राहतो. त्याची परवानगी तू ‘घेतली आहे’ म्हणतोस, म्हणजे तोंडी. तोंडी पुरत नाही. समोर बसून प्रदर्शनात टांगायला, वर्तमानपत्रात छापायला आणि इन्स्टाग्रामवर टाकायला अशा तीन वेगळ्या परवानग्या घे. माणूस पहिलीला हो म्हणतो तेव्हा तो दालनातल्या चार लोकांचा विचार करत असतो. घरमालकाच्या टेबलावरचा पेपर त्याच्या डोळ्यांसमोर नसतो. साध्या कागदावर चित्राचं शीर्षक, तीन गोष्टींपुढे हो किंवा नाही, तारीख, दोघांच्या सह्या. छपाईला जाण्याआधी तो कधीही नकार देऊ शकतो, हेही त्यातच लिही. त्याने नाही म्हटलं तर फोटोत चेहरा धूसर करू नकोस. धूसर चेहऱ्याने गुन्ह्याच्या बातमीसारखं दिसतं. दुसरं चित्र पाठव. मटारच्या चित्रात दोघांच्या पाठीच आहेत. लैंगिक कल हा खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालात म्हटलं आहे. तो हक्क त्याचाही आहे. तू चित्रकार आहेस म्हणून तो तुझ्याकडे येत नाही.

आणि तुझं घर. पेपर दारात पहाटे पडतो. आई-वडिलांना ती ओळ पेपरात प्रथम दिसता कामा नये. निदान आठवडाभर आधी सांग, म्हणजे रागवायला, रडायला, मामा-काकांना फोन करायला त्यांना वेळ मिळेल. सांगणं शक्यच नसेल तर अवतरणातलं दुसरं वाक्य काढून टाक. ‘या चित्रांतले दोघे एकत्र राहतात’ एवढं उरेल आणि ते पुरेसं खरं आहे. याला कुणी भित्रेपणा म्हणालं तर ऐकू नकोस. त्यांना रात्री तुझ्या घरात जेवायचं नसतं. पण मजकुरात गप्प राहायची जशी मुभा आहे तशी चित्राखाली खोटं लिहायची नाही. ‘दोन मित्र’, ‘दोघे भाऊ’, ‘रूममेट’ यातलं काहीही मी चालू देणार नाही. कितीतरी चित्रांखाली अशा पट्ट्या लागल्या आणि त्या रंगवणारे गेल्यावर तेवढंच उरलं. आता ती चित्रं नीट वाचायला कुणी नाही, याची हळहळ मला आयुष्यभर राहणार आहे. ‘रात्रपाळीनंतर’ लिही, ‘सिडको, दुपार’ लिही. नातं चित्रात दिसतंच आहे.

फोटो. जलरंगाचा फोटो काच बसवण्याआधी काढायचा, नंतर त्यात तूच दिसतोस. सावलीतल्या गच्चीवर किंवा उत्तरेच्या खिडकीशी, सकाळी नऊ ते अकरा, घरातले दिवे बंद. दोन उजेड मिसळले की अर्धा कागद पिवळा येतो, अर्धा निळा. भिंग चित्राच्या मध्याच्या उंचीवर आणि कागदाला समांतर. थोडंही वाकलं तरी चौकोनाचा पतंग होतो. मोबाइलची वाइड लेन्स नको, मागे सरकून दुप्पट झूमवर काढ. शेजारी कोऱ्या कागदाचा तुकडा ठेव, रंग जुळवताना लागतो. छपाईला जेपीईजी, लांब बाजू किमान २४०० पिक्सेल, म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) आठ इंच. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठव, फोटो म्हणून पाठवलास तर दाबला जातो. फाइलच्या नावात शीर्षक, माध्यम, माप, साल. माप लिहिताना उंची आधी, रुंदी नंतर. ‘फायनल नवीन ३’ असं नाव असलेल्या फाइलखाली चुकीची ओळ छापली जाते आणि मग दोष देत बसतोस. वर्तमानपत्राचा कागद मधल्या छटा खातो, त्यामुळे मच्छरदाणीचं चित्र तिथे करड्या ठोकळ्यासारखं येईल. मटारचं पाठव, त्यात काळं-पांढरं ठसठशीत आहे.

वेळा सोप्या आहेत. पाच-सहा दिवस आधी निमंत्रण आणि मजकूर, आदल्या दिवशी सकाळी आठवण, उद्घाटनाच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत फोटो, त्याखाली डावीकडून नावं. दुपारी दोननंतर फोन कर, सकाळी कार्यालयात फारसं कुणी नसतं. गणपतीचे दहा दिवस टाळ. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत, तेव्हा तर स्थानिक पानांवर तुला बोटभरही जागा मिळणार नाही. पावसाळ्यात तसंही जलरंग टांगू नये. बंद दालनाच्या दमट भिंतीवर मागून बुरशी धरते. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लाव, हवा खेळती राहते.

नववं चित्र, पाठमोरं, नग्न. काढून टाकू का, असं विचारलंस. नाही. टांग. १९५४ साली मुंबईत चित्रकार अकबर पदमसी यांच्यावर चित्रांतल्या अश्लीलतेचा खटला झाला आणि ते सुटले. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने चित्रकार सूझा आणि पदमसी यांच्या कस्टमने अडवलेल्या कलाकृती सोडायचा आदेश दिला आणि नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे हे पुन्हा सांगितलं. पण कायदा तुझ्या बाजूने असून भागत नाही, दालनाचा व्यवस्थापक उद्घाटनाच्या सकाळी ‘आम्हाला कल्पना नव्हती’ म्हणतो तेव्हा गडबड होते. म्हणून कुसुमाग्रज स्मारकात लावणार असशील किंवा आणखी कुठे, आरक्षणाच्या अर्जासोबत अकराही चित्रांचे छोटे फोटो जोड आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घे. दारासमोरच्या भिंतीवर ते नको, आतल्या भिंतीवर लाव. वर्तमानपत्राला त्याचा फोटो देऊ नकोस. तिथे ते कापून छापतील आणि कापलेलं चित्र तुझं नसतं. इन्स्टाग्रामच्या नियमांत रंगवलेल्या नग्नतेला परवानगी आहे, तरी यंत्र कधी कधी पोस्ट उडवतं. उडवली तर अपील कर, भांडण नको.

पत्रकार विचारेल, घरचे काय म्हणतात? तू म्हण, सातव्या चित्रात भिंतीवर आईचा फोटो आहे, तो बघू या. विचारेल, तुम्हा लोकांना समाज स्वीकारतो का? तू म्हण, हे दोघे ज्या इमारतीत राहतात तिचा जिना पाचव्या चित्रात आहे. प्रत्येक वेळी त्याला हाताला धरून चित्रासमोर ने. उद्धटपणा वाटेल असं तुला वाटतं. वाटू दे. मी हे हट्टाने करत आलो, आणि माझ्याबद्दल माणूस तुसडा आहे असं म्हणणाऱ्यांनीही लिहिताना चित्रांबद्दलच लिहिलं.

जूनमध्ये तुला मुंबई-पुण्याहून फोन येतील, ‘प्राइड’ या समलिंगी आणि इतर क्विअर लोकांच्या अभिमान-महिन्याच्या निमित्ताने. कुणी चित्र ‘वापरायला’ मागेल, मोबदला म्हणून प्रसिद्धी देऊ म्हणेल. कुठलं चित्र, किती मापात, किती महिने, मानधन किती, हे चार प्रश्न मेलवर विचार. उत्तर आलं नाही तर त्यांना चित्र नको होतं, जूनपुरता माणूस हवा होता. चित्र विकलं तरी कॉपीराइट तुझाच राहतो, जोवर तू लिहून देत नाहीस. मागणीवरून पैसे घेऊन काढलेलं चित्र याला अपवाद. १९५७ चा कायदा आहे, पावतीवर एक ओळ टाक. किंमत चौरस इंचावर ठेव: ३० रुपये धरलेस तर ११ बाय १५ चं चित्र ४,९५० आणि १५ बाय २२ चं ९,९००, फ्रेम वेगळी. नाशिकला एक आणि मुंबईला दुसरी किंमत लावू नकोस. ओळखीच्यांना कमी करू नकोस. मी कधी केली नाही आणि त्यावरून नाती तुटली. पण ज्याने दोन वर्षांपूर्वी पूर्ण किंमत मोजली त्याला मी काय सांगणार होतो?

मंगळवारपर्यंत नवा मसुदा पाठव, एकच. मटार पहिल्या वाक्यात हवेत. सोबत दोन फोटो आणि दालनाची पोच. त्याच्या सहीचा कागद हातात आल्याशिवाय सहावं चित्र कुणालाही पाठवू नकोस, मलाही नको.

तुझा,
सर