वाचकांचे प्रश्न : शाळेच्या छपरावरील सौरऊर्जा परवडते का?

प्रश्न : गोव्याच्या डिचोली तालुक्यातील आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेवर सौरसंच बसवावा असे व्यवस्थापन समितीत ठरत आहे. मे महिन्यात शाळा बंद आणि नंतर चार महिने पाऊस. मग खर्च भरून निघेल का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. एक किलोवॉटचा संच वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे 4 युनिट वीज देतो आणि त्याला साधारण 10 चौरस मीटर मोकळे छप्पर लागते. पावसाळ्यात ही वीज बरीच घटते, मात्र ती तूट या सरासरीत धरलेलीच असते. शाळेचा वापर दिवसाउजेडी होत असल्याने बॅटरीचा महागडा खर्च टाळता येतो. खरा प्रश्न सुट्टीचा आहे, कारण मे महिन्यातील कडक उन्हाची वीज वापरायला कोणी नसते. ती नेट मीटरमार्फत, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरमार्फत, सार्वजनिक वीजजाळ्यात जाऊन पुढील बिलात वळती झाली, तरच हिशेब जुळतो. म्हणून संचाची क्षमता छपराच्या आकारावरून न ठरवता बारा महिन्यांच्या बिलांवरून ठरवावी. केंद्राच्या 2024 मधील सूर्यघर योजनेचे अनुदान घरांसाठी आहे, ते शाळेच्या हिशेबात धरू नये. पॅनेल सुमारे 25 वर्षे चालतात, पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर मात्र त्याआधीच बदलावा लागतो. ती रक्कम आजच बाजूला ठेवावी. आणि छप्पर मंगलोरी कौलांचे असेल, तर आधी वासे तपासून घ्यावेत, कारण गळती दुरुस्त करण्यासाठी संच उतरवणे फार महागात पडते.