पाइपवरचा पाय आधी दिसू दे

प्रिय पोरी,

तुझी दोन मिनिटांची कॉमेडी तीनदा बघितली. तो माणूस पडतो मस्त, पण तो पडायच्या आधी मला काहीच कळलेलं नसतं, म्हणून मी दचकलो, हसू आलं नाही. कॅमेरा, एडिटिंग वगैरे होईल हळूहळू, त्याची काळजी नको. आधी जुन्या फ्रेंच मूकपटांकडे जा, पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या, कारण त्या लोकांकडे डायलॉग नव्हते, जे काय सांगायचं ते बहुतेक दाखवूनच सांगावं लागायचं.

सुरुवात लुमिएर बंधूंच्या, म्हणजे सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या फ्रेंच भावांच्या, माळ्याच्या फिल्मपासून कर, १८९५ ची, धड एक मिनिटाचीही नाही. माळी पाणी घालतोय, मागून एक पोरगा येऊन पाइपवर पाय ठेवतो, पाणी बंद, माळी पाइप तोंडासमोर धरून आत बघतो आणि तेवढ्यात पोरगा पाय उचलतो. पाय आपल्याला दिसतोय, माळ्याला नाही, सगळी गंमत तिथे आहे. आणि पुढचं बघ, माळी पोराला पकडून परत कॅमेऱ्यासमोर ओढत आणतो आणि मग बडवतो, कारण कॅमेरा हलणार नव्हता, मार फ्रेममध्येच बसायला हवा होता.

मग १९०८ ची गोमाँ कंपनीची भोपळ्यांची फिल्म बघ. गाडीतून भोपळे निसटतात, लोक मागे धावतात, बिचारं गाढवही त्या धावपळीत, भोपळे चढ चढतात, घरात शिरतात, धुराड्यातून जातात, आणि यातल्या काही करामती फिल्म उलटी चालवून केल्यात. ट्रिक कळली तरी हसू येतंच, कारण भोपळे जीव असल्यासारखे पळतात.

पण तुला खरी गरज आहे मॅक्स लिंडरची. पाथे कंपनीचा हिरो, रेशमी टोपी, छडी, नीट कापलेली मिशी, चॅप्लिन त्याला गुरू मानायचा. त्याची १९११ ची सिंकोनाच्या (एका झाडाच्या सालीच्या) टॉनिकवाली फिल्म घे. डॉक्टर औषध म्हणून ग्लासभर टॉनिक वाइन सांगतो, घरातला ग्लास भलामोठा, मॅक्स टुन्न. मग तो रस्त्याने एकेका बड्या माणसाशी भांडतो आणि ते चिडून द्वंद्वाचं आव्हान म्हणून, तेव्हाच्या रीतीप्रमाणे, आपापलं व्हिजिटिंग कार्ड त्याच्या हातात देतात. ही कार्डं देताना तुला वाटेल हे नुसतं भांडण चाललंय, पण नंतर पोलिसाला नशेतल्या मॅक्सकडे ते कार्ड सापडतं आणि तो सॅल्यूट ठोकून त्याला त्याच साहेबाच्या घरी सोडायला नेतो! पेरणी कधी झाली ते लक्षातही येत नाही बघ. शिवाय मॅक्स कितीही झोकांड्या खाल्ल्या तरी स्वतःला सभ्यच समजत असतो, त्या रुबाबाकडे लक्ष दे, तुझ्या पात्राकडे गमावण्यासारखं काहीच नाहीये.

वेळ असेल तर दिग्दर्शक जाँ द्युरांच्या ओनेझिम नावाच्या पात्राची फिल्म पण बघ, १९१२ ची, वारसा लवकर मिळावा म्हणून तो घड्याळाशीच छेडछाड करतो आणि अख्खं पॅरिस सुसाट पळायला लागतं.

एक सांभाळ, नेटवर यातल्या बऱ्याच फिल्म चुकीच्या स्पीडने टाकलेल्या असतात. त्या हाताने हँडल फिरवून शूट केलेल्या, सेकंदाला साधारण सोळा-अठरा फ्रेम, त्या चोवीसने चालवल्या की सगळे मुंग्यांसारखे पळतात आणि लिंडरची नजर दिसतच नाही. स्पीड कमी कर, वरून लावलेलं म्युझिक म्यूट कर.

मॅक्सची फिल्म दोनदा बघ, आणि पहिलं कार्ड हातात येतं तेव्हा तो त्याचं काय करतो, ते मला लिहून पाठव.

तुझा,
काका