स्कॉलरशिप लागली, आता नोकरी सोडून अल्बम करू का?

प्रश्न थोडक्यात असा: जव्हारकडची 22 वर्षांची वारली मुलगी, बोईसरला पॅकिंगमधे कामाला, पगार 13,000, त्यातले 6,000 घरी देते. वारलीत स्वतः गाणी लिहिते, चाल लावते, काका तारप्यावर (फुंकून वाजवायचं वारली वाद्य) साथ करतात. संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांची स्कॉलरशिप लागलीय. स्टुडिओवाला 5 गाण्यांचे 1,10,000 सांगतोय, त्यासाठी ॲपवरून 80,000 चं लोन काढून नोकरी सोडायचं तिच्या मनात आहे. शिवाय एक चॅनलवाला 3 गाणी 18,000 ला कायमची मागतोय.

आधी मनापासून अभिनंदन गं! तुला तू म्हणते, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. तू पाठवलेलं पेरणीचं गाणं मी रात्री तीनदा ऐकलं, म्हणूनच स्पष्ट लिहिते, लोन नको आणि नोकरी आत्ताच सोडू नको.

हिशोब बघ. स्कॉलरशिप महिना 5,000, दोन वर्षं, म्हणजे एकूण 1,20,000, पण ते सहा-सहा महिन्यांच्या चार हप्त्यात येतात, 30,000 चा एकेक, आणि मधे प्रगतीचा रिपोर्ट द्यावा लागतो. 80,000 चं लोन 24 टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतलं तर ईएमआय साधारण 4,230 बसतो, व्याजच 21,500 च्या आसपास. म्हणजे स्कॉलरशिप जवळजवळ सगळी लोनवाल्याच्या घरात, आणि ईएमआय दर महिन्याच्या 5 तारखेला येणार, सरकारी हप्ता काही तारीख पाळून येत नाही, मग तेव्हा घरचे 6,000 कुठून देणार?

आणि स्टुडिओत तासावर पैसे चालू असतात. तारपा म्हणजे दुधी भोपळा, बांबू न् ताडाचं पान, प्रत्येकाचा सूर वेगळा, तूच लिहिलंयस की गेल्या वेळी कीबोर्डशी जुळवण्यातच पाऊण तास गेला आणि शेवटी त्या माणसाने तारपाच काढून टाकायला सांगितलं. त्यापेक्षा पहिल्या 30,000 मधल्या 16,000 मधे माईक, तो लॅपटॉपला जोडायचा ऑडिओ इंटरफेस आणि हेडफोन घे, भावाचा लॅपटॉप आहेच. 5,000 काकांना आणि कोरसच्या बायकांना दे, घरचे आहेत म्हणून फुकट नको, वहीत लिहून सह्या घे. 4,000 एका गाण्याच्या मिक्सिंगला आणि 5,000 ला हात लावू नकोस. बिलं जपून ठेव, रिपोर्टला उपयोगी पडतील.

आता ते 18,000. वीटभट्टीची उचल तुझ्या गावाला मी काय सांगू, दिवाळीनंतर घेतात आणि पावसाळ्यापर्यंत अख्खं कुटुंब तिथं बांधलं जातं, हे तसंच आहे फक्त मुदतच नाही. कॉपीराइट तुझ्या आयुष्यभर आणि नंतर 60 वर्षं चालतो. करारात मुदत लिहिलीच नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो, पण तो तर 'कायमची' लिहून घेतोय. 2012 च्या दुरुस्तीपासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा लिहून घेता येत नाही, तरी कागद झाल्यावर बोईसरहून कोर्टाच्या खेपा कोण घालणार? शब्दांची आणि चालीची नोंदणी प्रत्येकी 500 रुपयात होते, तेवढी कर, गाणं रिलीज झालं की आयपीआरएसची (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणारी संस्था) मेंबरशिप घे, चॅनलवाल्याला एक-दोन वर्षांचं लायसन्स देऊ म्हण.

एक मात्र बघ, तिसऱ्या गाण्याची चाल आजीच्या लग्नातल्या गाण्याची आहे असं तू लिहिलंयस. आजी धवलेरी, म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी, ती गाणी सगळ्या पाड्यांची. ती चाल त्या चॅनलवाल्याच्या नावावर गेली तर उद्या तुमच्याच लग्नाच्या व्हिडिओवर तो कॉपीराइटचा क्लेम टाकेल. ते गाणं त्याला अजिबात देऊ नको.

नोकरीचं म्हणशील तर शिफ्ट बदलून मिळते का विचार, रियाजाला रोज तीन तास निघायला हवेत. बाजूला 40,000 साठले की पुन्हा लिही, तेव्हा सोडायचा विचार करू. आणि त्या चॅनलवाल्याचा कागद सहीच्या आधी मला पाठव, फोटो काढून पाठवलास तरी चालेल.