घरी, मुलांना हाताशी घेऊन लाकूड-फायबरग्लासची होडी बांधता येते का?

येते, आणि त्यासाठी कसलेला सुतार असायची गरज नाही. ब्रिटनमधली ३.३ मीटरची ‘मिरर’ ही शिडाची होडी १९६० च्या दशकात घरगुती बांधणीसाठीच आली. अशा ७०,००० हून जास्त झाल्या. पद्धत अशी: मरीन प्लायवूडचे (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडचे) तुकडे कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेने अक्षरशः शिवायचे, मग सांध्यांवर फायबरग्लासची (काचतंतूंची) पट्टी रेझिनने, म्हणजे कालवल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाने, चिकटवायची.

तार ओवणं, कोरं लाकूड घासणं मुलांकडे द्या. रेझिनचं काम आणि फायबरग्लास घासणं मोठ्यांनीच करावं. हातमोजे, मास्क घालून, मोकळ्या हवेत. रेझिन थोडंथोडंच कालवा, डब्यात साठलं की तापून तिथेच घट्ट होतं.

आणि हो, होडी दारातून बाहेर निघेल ना, ते आधी मोजा!