तांब्याची घागर आणि सासूबाईंचा विसर

प्रश्न : सासूबाईंना (वय ७४) अल्झायमर असल्याचं निदान झालंय. जुन्या नाशकात तांबट लेनजवळ आमचं घर. सासरे हयातभर हंडे-घागरी घडवायचे. शेवटपर्यंत हिशेब मात्र तोंडी करायचे. घरात पाणी अजूनही तांब्याच्या घागरीतलंच. आता नात्यातले एक जण म्हणतात, तांबं मेंदूत साचतं, भांडी मोडीत घाला आणि सासूबाईंना ‘धातू काढायचं’ सलाइन लावा. काय करू?
– एक सून, नाशिक

उत्तर : ताई, घागर मोडीत घालू नका आणि सलाइन तर मुळीच लावू नका.

तांबं शरीराला लागतंच. मोठ्या माणसाच्या अंगात ते सगळं मिळून जेमतेम १०० मिलिग्रॅम असतं, आणि जवळजवळ सगळं कुठल्या ना कुठल्या प्रथिनाला बांधलेलं. मोकळं सुटलं तर पेशींची नासधूस करतं. म्हणून धातू किती पोटात गेला यापेक्षा तो सांभाळणारं प्रथिन धड आहे का, हे मी आधी विचारते.

विल्सनचा आजार घ्या. किनियर विल्सन यांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं. यकृतातलं एटीपी७बी हे प्रथिन तांबं सेरुलोप्लाझ्मिन या रक्तातल्या प्रथिनात भरतं आणि जास्तीचं पित्तात सोडतं. तेच जन्मतः बिघडलेलं असलं की तांबं आधी यकृतात आणि मग मेंदूत साचतं, घरात सगळी भांडी स्टीलची असली तरी. पण हा बहुधा तरुण वयातला आजार. कॉलेजातल्या मुलाचं अक्षर बिघडतं, जीभ जड होते, हात थरथरतो आणि घरचे म्हणतात, परीक्षेचं टेन्शन! बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं दिसलं तर डॉक्टरांना वेगळं सांगावं लागत नाही. अशा रुग्णाच्या सख्ख्या भावंडांचीही तपासणी करायलाच हवी.

यावरचा एक उपाय मला फार आवडतो. रुग्णाला जस्त देतात. त्याने आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन जास्त बनवू लागतात, आणि ते जस्तापेक्षा तांब्याला घट्ट धरतं. काही दिवसांत या पेशी झडतात, त्यांच्याबरोबर तांबंही शौचावाटे जातं.

आता गंमत बघा. काही मोजक्या लोकांच्या रक्तात सेरुलोप्लाझ्मिन जवळपास नसतंच. त्यांच्या मेंदूत काय साचतं? लोह! पेशीतून निघालेलं लोह रक्तातून वाहून नेण्याजोगं करायचं काम हे तांबं बाळगणारं प्रथिन करतं. मी बायोकेमिस्ट्री शिकवायचे तेव्हा मुलं इथे हटकून घसरायची.

सासूबाईंच्या आजारात मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या गाठींत तांबं, जस्त, लोह सापडतं, हे खरं. ते आजार आणतं की आजारामुळे तिथे गोळा होतं, यावर संशोधकांचं एकमत नाही. पण धातू काढला की माणूस सुधारतो, असं समजू नका. पार्किन्सनच्या रुग्णांना लोह काढणारं डेफेरिप्रोन देऊन पाहिलं, त्याचे निकाल २०२२ मध्ये आले. मेंदूतलं लोह घटलं, आणि लक्षणं मात्र खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त बिघडली. सलाइन विकणारे हे सांगत नाहीत.

सासऱ्यांच्या तोंडी हिशेबाला मी पुरावा म्हणणार नाही, पण वाचून बरं वाटलं.

घागरीत साधं पाणीच ठेवा. ताक, सरबत, चिंचेचं सार तांब्यात कळकतं. आंबटाने धातू सुटतो. आत हिरवट डाग दिसला तर चिंच-मीठ लावून घासा आणि नीट धुवा. पितळी पातेल्याला कल्हई नसेल तर त्यात बाळाचं दूध तापवू नका. लहान मुलांच्या यकृताच्या एका जीवघेण्या आजाराचा संबंध या सवयीशी आहे, हे पुण्यातल्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं होतं.

सलाइनचे पैसे वाचतील, त्यात दिवसा मदतीला एखादी बाई ठेवा. तुम्हालाही झोप हवी. आणि सासूबाईंचं बी-१२ आणि थायरॉइड तपासलंय का, ते पुढच्या पत्रात कळवा.