कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव कधी पाहावा आणि किरणं कधी कधी मुखापर्यंत का पोहोचत नाहीत?

किरणोत्सव म्हणजे मावळत्या सूर्याची किरणं थेट गाभाऱ्यातल्या देवीच्या मूर्तीवर पडतात तो सोहळा. तारखा पाठच करून ठेवा: 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी. या तिथीवर नाहीत, सूर्यावर आहेत. 21-22 डिसेंबरच्या अलीकडे-पलीकडे साधारण सारख्याच अंतरावर सूर्य एकाच जागी मावळतो, म्हणून वर्षातून दोनदा.

मंदिर पश्चिमाभिमुख. ऊन महाद्वारातून शिरतं, गरुड मंडप ओलांडतं, मग पितळी उंबरा, चांदीचा उंबरा आणि गाभारा. सूर्य खाली जाईल तसं ऊन वर चढतं. परंपरेने पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख. प्रत्यक्षात एवढं शिस्तीत दरवर्षी होत नाही!

कारण शेवटच्या पाच-दहा मिनिटांत सूर्य क्षितिजाला टेकत आलेला असतो. महाद्वार रोडच्या दिशेला एखादी उंच इमारत, गच्चीवरची टाकी, नाहीतर बोर्ड आडवा आला की संपलं. अडथळा नसला तरी ढग, धूळ आणि हवेतलं बाष्प उन्हाची धारच घालवतात. मग किरणं कमरेपर्यंत येतात आणि देवीच्या डाव्या बाजूला सरकून लुप्त होतात.

नोव्हेंबरात पाचलाच आवारात असा, जानेवारीत साडेपाच चालेल. आतले लाईट बंद करतात, तेव्हा मोबाईलचा फ्लॅशही बंद ठेवा. गाभाऱ्यासमोर जागा मिळेल ही आशा सोडा. स्क्रीन लावलेला असेल तर तिथे जास्त स्पष्ट दिसतं.